एक टेबल द्या, एक माणूस बसवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रत्नागिरीत झालेल्या रोजगार मेळाव्याची बातमी आपल्या अंकात वाचली. फोटो चांगला मोठा होता. व्यासपीठावरच्या सर्वांची नावं पदांसह होती, दीपप्रज्वलन कुणी केलं तेही होतं. आमच्या गुहागर तालुक्यातल्या ज्या पोरांनी तिथे जायला हवं होतं, त्यांना मात्र मेळावा होता हेच मुळी ती बातमी वाचून कळलं. एकाने मला विचारलं, "काका, परत कधी असेल?" मी काय सांगणार?

आधी कळलं असतं तरी जाणं सोपं नव्हतं. नकाशावर गुहागर आणि रत्नागिरी एकाच किनाऱ्यावर दिसतात, पण मध्ये जयगडची खाडी आहे. तवसाळला फेरीबोट धरायची, जयगडला उतरायचं आणि पुढची गाडी शोधायची; नाहीतर चिपळूणचा वळसा घालून महामार्गाने जायचं. सकाळच्या मेळाव्याला पोचायचं तर पहाटे घर सोडावं लागतं आणि एखादा दाखला घरी राहिला तर अख्खा दिवस फुकट. त्यापेक्षा मुंबई सोपी. संध्याकाळी ट्रॅव्हल्समध्ये बसलं की सकाळी बोरिवली. पोरं मुंबईलाच का जातात, याची कारणं शोधायला फार लांब जायला नको.

मी पोस्टात होतो. खेड्यातल्या सब-पोस्टाच्या खिडकीमागे नोकरी झाली. मुंबईच्या मनीऑर्डरीवर इथल्या चुली पेटत होत्या तो काळ मी पाहिला आहे. कूपनवरच्या दोन ओळी वाचून दाखवणं, फॉर्म भरून देणं, आरडी आत्ता मोडू नका म्हणून सांगणं, हे सगळं खिडकीवर चालायचं. त्याचा वेगळा पगार नव्हता, पण ते पोस्टाचंच काम आहे असं सगळे धरून चालत. आता संध्याकाळी गावच्या वाचनालयात बसतो. लोकांची सवय काही सुटलेली नाही. पेपर वाचायला येणाऱ्यांपेक्षा कागद घेऊन येणारेच जास्त. त्या कागदांमधून जे दिसतं ते वाचकांपुढे ठेवावं म्हणून हे पत्र.

नोकरी शोधायला आणि पैसा सांभाळायला मदत करणाऱ्या सोयी आज आहेत तेवढ्या पूर्वी कधीच नव्हत्या. आमच्यापर्यंत त्या येतात फ्लेक्सवरून नाहीतर मोबाइलवरच्या फॉरवर्डमधून. तुमचा कागद हातात घेऊन 'तुमचं हे असं आहे, तुम्ही हे करा' असं समोर बसून सांगणारं माणूस तालुक्यात सापडत नाही. ती रिकामी खुर्ची एजंटाने कधीच बळकावली आहे.

माझ्याच खात्याचं बघा. ग्रामीण डाक सेवकांच्या भरतीला परीक्षा नाही की मुलाखत नाही. अर्ज ऑनलाइन आणि निवड दहावीच्या गुणांवर. दहावीला गणित, इंग्रजी हवं, स्थानिक भाषा शिकलेली हवी, सायकल चालवता यायला हवी. फी शंभर रुपये. मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना तीही माफ. इतका सरळ मामला असूनही 'आत ओळख आहे, काम करून देतो' म्हणणारे भेटतात आणि त्यांना पैसे देणारेही भेटतात. गुणांच्या जोरावर पोराचं नाव यादीत आलं की एजंट म्हणतो, बघा, केलं की नाही. नाही आलं तर पुढच्या भरतीचा वायदा. दोन्हीकडून त्याचाच फायदा.

बोटीवरच्या नोकरीत आकडा याहून मोठा असतो. खाडीकाठच्या आमच्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसं बोटीवर गेली आहेत, त्यामुळे बोट म्हटलं की आईबापांचा विश्वास लगेच बसतो. मागे एक बाप-लेक आले. मुलगा बारावी झालेला, जाहिरात वाचून नवी मुंबईला जाऊन आलेला. ट्रेनिंग होईल, सीडीसी म्हणजे खलाशाचं सरकारी ओळखपुस्तक निघेल आणि बोटीवर चढवायचे तीन लाख, असा सौदा. वडील काजूची बाग गहाण टाकायच्या बेतात. मी एवढंच विचारलं, कंपनीचा आरपीएसएल नंबर काय? खलाशांची भरती करणाऱ्या कंपनीला नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो, त्याचं हे नाव. परवानाधारकांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. आणि परवाना असलेल्या कंपनीला नोकरी लावून दिल्याबद्दल खलाशाकडून पैसे घ्यायला कायद्याने बंदी आहे. तिचं जे काय ते बोटीचा मालक देतो. म्हणजे चढवायचे म्हणून कुणी पैसे मागितले की चौकशी तिथेच संपली. यादीत त्या कंपनीचं नाव नव्हतं. बाग वाचली, आगाऊ भरलेले पंचवीस हजार गेले.

आखातात जाणाऱ्यांसाठीही असाच नियम आहे. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर इसीआरचा शिक्का असतो. त्यांना नोकरीसाठी तिकडे जायचं तर सरकारची परवानगी लागते, आणि ती ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंदलेल्या एजंटामार्फत रीतसर मिळते. एजंटाने घ्यायची फी जास्तीत जास्त तीस हजार, वर जीएसटी. पावती मागायची. त्याच वाटेने गेलं तर दोन वर्षांसाठी २७५ रुपयांत दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमाही होतो. 'व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे बदलून घेऊ' म्हणणाऱ्यामागे गेलं की यातलं काहीच हाताशी राहत नाही. तिकडे काही बरंवाईट झालं तर घरच्यांनी कुठे जायचं?

संपादक महोदय, रागावू नका, पण त्या मुलाने वाचलेली बोटीची जाहिरात आपल्याच छोट्या जाहिरातींतली होती. कात्रण मी पाहिलं. खाली बारीक टाइपात 'वाचकांनी खातरजमा करून घ्यावी' असं छापलेलं असतं. ती कुठे करून घ्यावी ते छापलेलं नसतं. बोटीवरच्या नोकरीची जाहिरात आरपीएसएल क्रमांकाशिवाय घ्यायची नाही आणि परदेशातल्या नोकरीची एजंटाच्या नोंदणी क्रमांकाशिवाय घ्यायची नाही, असा नियम आपण उद्यापासून करू शकता. जाहिरातीचं थोडं उत्पन्न बुडेल, हे कळतं.

आता पैशाचं. आपलं अर्थविषयक पान मी नियमित वाचतो. एसआयपी किती तारखेची लावावी, सहा महिन्यांच्या पगाराइतका आपत्कालीन निधी कसा उभारावा, आयकर कसा वाचवावा. लिहिणारे जाणकार असतात, पण ते ज्यांच्यासाठी लिहितात त्यांचा पगार एक तारखेला खात्यावर पडतो. आमच्याकडे पैसा तसा येत नाही. आंब्याचा पैसा उन्हाळ्यात दिसतो, आणि त्यासाठी आदल्या पावसाळ्यात मोहरासाठीचं कल्टार हे औषध घालण्यापासून पुढे मोहरावरच्या फवारण्यांपर्यंत तो आधी बागेत ओतलेला असतो. काजूबीचं तेच. भात घरी खाण्यापुरतं. यांत्रिक बोटींची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद. चाकरमान्याचा पैसा गणपतीत येतो आणि बहुतेक गणपतीतच संपतो. खर्च कसा येतो तेही बघा. पावसाआधी घर शाकारायचं, बोट ओढून तिची डागडुजी, जाळी विणायची, जूनमध्ये शाळा-कॉलेजं. नेमकी तेव्हाच मिळकत शून्य. कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरल्या तारखेला खात्यातून कापला जातो. जूनचा चुकतो, जुलैचा चुकतो, चेक परत गेल्याचा दंड पडतो, सिबिल खराब होतो. पुढच्या कर्जाला बँक दारात उभं करत नाही, मग सोनं सावकाराकडे जातं.

वेलदूरच्या एक मावशी मासे विकतात. हप्त्याचा कागद पुढे करून म्हणाल्या, "मास्तर, बँकवाल्यांना सांगा, दर्याला सुट्टी असते म्हणून." अर्थतज्ज्ञाने चार पानांत जे लिहिलं असतं ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मच्छीमारांनाही लागू आहे. त्यात खेळत्या भांडवलासाठी पैसा मिळतो आणि फेड हंगामाच्या हिशेबाने ठेवता येते. मावशींना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना मिळालं होतं ते दर आठवड्याला वसुलीचं, गटातलं कर्ज; एकाचं फेडायला दुसरं. या छोट्या कर्जांवरही रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बंधनं घातली आहेत. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत, आणि वसुलीसाठी सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर तगादा लावता येत नाही. रात्री आठला ओटीवर ठाण मांडून बसणाऱ्या वसुलीवाल्या पोराला हे सांगितलं तेव्हा तो गोंधळला. त्यालाही कुणी सांगितलेलं नसावं. त्याचीही नोकरीच ती.

मी माझ्यापुरतं लोकांना एक सांगतो. मे महिन्यात हातात पैसा आला की पहिल्यांदा जून, जुलै, ऑगस्टचे हप्ते त्याच कर्जखात्याशी जोडलेल्या बचत खात्यात टाकून द्या आणि ते पैसे नाहीतच असं समजा. बाकीचे मग मोजा. कुठल्याही पुस्तकात नसलेला सल्ला आहे, पण या किनाऱ्यावर चालतो.

दुसरा कागद. मुंबईत गोदीत नोकरी केलेल्या माणसाच्या विधवा पत्नी, नवऱ्याची मुदत संपलेली ठेव पुन्हा ठेवायला एका बँकेत गेल्या. टेबलावरच्या हसतमुख मुलाने सह्या घेतल्या. घरी आलं ते दहा वर्षं हप्ते भरायच्या विमा पॉलिसीचं पुडकं. या आजींचं वय सत्तरीच्या घरात. नशीब, पुडकं आल्या आल्या त्या वाचनालयात आल्या. पॉलिसी हातात पडल्यापासून तीस दिवसांत 'मला ही नको' असं लेखी कळवलं तर किरकोळ कपात होऊन पैसे परत मिळतात. दोन परिच्छेदांचा अर्ज लिहिला, पोच घेतली, पैसे आले. महिनाभर पुडकं कपाटात पडलं असतं तर? बँकेने तक्रार ऐकली नाही, तीस दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, १४४४८ या क्रमांकावर चौकशी करता येते. हे माहीत असलेला माणूस मला अजून गावात भेटायचा आहे.

पतसंस्थांविषयी जरा जपून लिहितो, कारण गावोगावी चांगल्या चालणाऱ्या पतसंस्था आहेत आणि अडीअडचणीला त्याच धावून येतात. पण बँक बुडाली तर ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत जे विमा संरक्षण आहे ते फक्त बँकांतल्या ठेवींना आहे, सहकारी बँकाही त्यात आल्या. पतसंस्थेच्या ठेवीला ते नाही. हा फरक ठेव ठेवण्यापूर्वी सांगायला हवा. एक टक्का व्याज जास्त म्हणून मुलीच्या लग्नाची सगळीच्या सगळी रक्कम एकाच ठिकाणी ठेवणाऱ्याला तो माहीत असला म्हणजे झालं. पुढे त्याची मर्जी.

प्रॉव्हिडंट फंडाचे कागद तर पोत्याने येतात. कोरोनाच्या वर्षी मुंबई सोडून आलेले कितीतरी जण इथेच राहिले. कुणाचे दोन कारखान्यांतले दोन पीएफ, जोडलेले नाहीत. कुणाचं आधारवर वडिलांचं नाव आहे, पीएफला नाही, म्हणून दावा नामंजूर. एकाची एका ठिकाणी सात वर्षं, दुसरीकडे चार. दोन्हीकडची रक्कम सायबर कॅफेवाल्याच्या सल्ल्याने काढून टाकणार होता. दोन्ही नोकऱ्या जोडल्या की अकरा वर्षं होतात, आणि दहा वर्षं भरली की पेन्शनचा हक्क लागतो, हे त्याच्या लक्षात आणून दिलं तेव्हा तो बराच वेळ काही बोललाच नाही. नोकरीत असताना गेलेल्या माणसाच्या कुटुंबाला पीएफबरोबर सात लाखांपर्यंतचा विमाही मिळू शकतो. कंपनीतला कुणी कळवत नाही, आणि गावातल्या बाईला त्या विम्याचं नावसुद्धा माहीत नसतं.

आणखी एक, मुंबईत नोकरी केलेल्या बहुतेक घरांना लागू पडणारं. वडील गेले, पासबुक ट्रंकेत राहिलं, खात्यात दहा वर्षं काही हालचाल नाही. असे पैसे बँका रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा करतात, पण वारसांचा हक्क संपत नाही. २०२३ पासून उद्गम नावाच्या संकेतस्थळावर नाव घालून अनेक बँकांतल्या अशा ठेवी एकाच जागी शोधता येतात. गणपतीत चाकरमानी घरी आले की मी त्यांना आवर्जून सांगतो, आरती झाली की जरा ट्रंका उघडा.

हे सगळं सांगायला सरकारने कुणी नेमलेलं नाही, असंही म्हणता येत नाही. पूर्वी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड होतं, ते नूतनीकरण करायला लोक रत्नागिरीला जात. आता जिल्ह्यात कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे, महास्वयम् हे राज्याचं पोर्टल आहे, केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस आहे. दोन्हीकडे नोंदणी फुकट. २०२४ पासून शिकाऊ उमेदवारांना शिक्षणानुसार महिना सहा, आठ, दहा हजार विद्यावेतन देणारी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आहे. अग्रणी बँकेने, म्हणजे जिल्ह्यातल्या सगळ्या बँकांचा मेळ घालणाऱ्या बँकेने, चालवायचं आर्थिक साक्षरता केंद्र आहे, राहण्या-जेवणासकट फुकट शिकवणारी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहे. काजू प्रक्रिया, आमरस, कोकम काढायचं युनिट टाकायला प्रकल्पाच्या पस्तीस टक्के, दहा लाखांपर्यंत अनुदान देणारी सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना आहे. यातलं बरंचसं जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा पोर्टलवर. आमच्या वाडीत रेंज पावसाळ्यात वीज असेल तर असते, आणि वीज कधी असते ते महावितरणलाच ठाऊक. मध्येच ओटीपी अडकला की नोंदणी अर्धवट.

साक्षरतेची शिबिरं होतात, मी गेलोही आहे. बॅनर लागतो, एक अधिकारी तासभर बोलतो, ओटीपी कुणाला देऊ नका म्हणतो, फोटो होतो, वडापाव होतो. फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन करा, हे तिथेच मी पहिल्यांदा ऐकलं, त्याबद्दल आभार. पण भर सभेत उठून 'साहेब, माझी तीन कर्जं आहेत, काय करू' असं कोण विचारणार? आमच्याकडे कर्ज ही शेजाऱ्याला कळू न द्यायची गोष्ट आहे.

म्हणून माझी मागणी अगदी छोटी आहे. तालुक्यातल्या शासनमान्य वाचनालयांत, बाजाराच्या दिवशी दुपारी तीन तास, एक टेबल. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, गावोगावी सगळ्यात खालच्या 'ड' वर्गाची का होईना वाचनालयं उभी आहेत. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात २००५ ला पुराचं पाणी शिरलं, २०२१ ला पुन्हा शिरलं, तरी ते चालूच आहे. या संस्थांवर लोकांचा विश्वास आहे, कारण तिथे कुणी काही विकत नाही. टेबलाचाही तोच पहिला नियम असावा: जो विमा, फंड, प्लॉट, ट्रेनिंग किंवा व्हिसा विकतो त्याने तिथे बसायचं नाही. एका आठवड्याला अग्रणी बँकेच्या साक्षरता केंद्राचा माणूस, दुसऱ्याला रोजगार मार्गदर्शन केंद्राचा, तिसऱ्याला आयटीआयमधले एखादे निदेशक, चौथ्याला पीएफ समजणारा कुणी. तालुक्यात निवृत्त बँकवाले, शिक्षक, पोस्टवाले भरपूर आहेत. त्यांना चार दिवसांचं प्रशिक्षण दिलं तर मध्ये कुणाचा खाडा झाला तर ते बसतील. टेबल कोपऱ्यात, पुस्तकांच्या कपाटाआड असावं, म्हणजे माणसाला हळू बोलता येईल. बायकांसाठी एखादी बाई असली तर फारच बरं. बचत गटांतल्या हिशेब सांभाळणाऱ्या कितीतरी जणी या कामाला माझ्यापेक्षा लायक आहेत.

आपल्याकडूनही एक अपेक्षा आहे. रोजगार मेळावा, भरती, शिबिर यांची तारीख आठवडाभर आधी, पान दोनवर ठरलेल्या जागी छापा. कोणते मूळ दाखले न्यायचे, किती झेरॉक्स, हेही. दुसऱ्या दिवशी फोटो नाही छापला तरी चालेल.

आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीने जागा द्यायचं कबूल केलं आहे. टेबल आहे, पंखा आहे, प्रिंटर एका चाकरमान्याने दिलेला आहे. कागदाचा खर्च आम्ही सभासद करू. अग्रणी बँकेच्या आणि रोजगार मार्गदर्शन केंद्राच्या अधिकाऱ्यांनी कोणत्या तारखेला कोण येणार एवढं वाचनालयाच्या पत्त्यावर कळवावं. तवसाळच्या धक्क्यावर त्यांना आणायला मी स्वतः स्कूटर घेऊन येईन.

आपला,
एक निवृत्त सब-पोस्टमास्तर
ता. गुहागर, जि. रत्नागिरी
(नाव व पूर्ण पत्ता संपादकांकडे दिला आहे.)